पाच लांब शिट्ट्या

ईनस व्हिटलॉक मला पहिल्यापासून आवडायचा असं गावात कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. स्टेशनासमोर माझी खाणावळ. रोज सकाळी तो आत यायचा, टोपी काढायच्या आधी खिशातलं घड्याळ काढायचा, माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तोंड वाकडं करायचा आणि खुर्चीवर चढून त्याचा काटा सरकवायचा. माझं घड्याळ, माझी भिंत, खुर्चीही माझीच.

एकदा मी म्हटलं, "कॅप्टन, इथून गाड्या सुटत नाहीत. इथून अंडी सुटतात."

"अंड्यांनासुद्धा वेळ असते, मिसेस ब्रेक," तो म्हणाला आणि काटा सरकवलाच.

अख्खं कॉटर वेल्स गाव मला हल्डा म्हणतं. कोळशाने काळी झालेली इंजिनवाली पोरं तर दारातूनच ओरडतात, "हल्डे, कॉफी टाक!" व्हिटलॉक मात्र मिसेस ब्रेक म्हणायचा. माझ्या नवऱ्याला पुरायला खांदा दिला त्या दिवशीही त्याने मला मिसेस ब्रेकच म्हटलं होतं.

कॅप्टन हे काही त्याचं नाव नव्हे. पॅसेंजर गाडीच्या कंडक्टरला आमच्या लाइनीवर सगळे कॅप्टन म्हणतात, कारण गाडी त्याची असते. ड्रायव्हर ती चालवतो, पण ती कधी हलायची आणि कुठे थांबायची ते कंडक्टर ठरवतो. त्याच्या अंगावर निळा कोट असतो, त्याला पितळी बटणं असतात. व्हिटलॉकच्या कोटाची बटणं त्याची बायको अ‍ॅडलीन चुलीतल्या राखेने घासायची. तो फलाटावर उभा राहिला की बटणं आधी दिसायची, माणूस नंतर.

हा कोट उतरला तो एका हिवाळ्यात, आणि उतरला तोही त्याच्या स्वभावाने. समोरून येणारी मालगाडी येईपर्यंत साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, थांब, असा त्याला लेखी हुकूम होता. ती मालगाडी रद्द झाली होती. ते सांगणारी तारेची लाइन बर्फाने तुटली होती. आणि व्हिटलॉक थांबला. सकाळ गेली, दुपार गेली. डब्यात प्रवासी उपाशी, शेगडीतला कोळसा संपत आलेला, आणि नेमका कंपनीचा एक संचालक बायकोसकट त्याच गाडीत. तो लालबुंद होऊन म्हणाला म्हणे, "अरे, पुढे कुठे काही दिसतंय का? चल की!" व्हिटलॉक म्हणाला, "गाडी आल्याशिवाय ती आली असं मला म्हणता येणार नाही, साहेब." शेवटी पलीकडच्या स्टेशनावरून माणूस बर्फ तुडवत निरोप घेऊन आला तेव्हा कुठे गाडी हलली.

नियमाने तो बरोबर होता. म्हणून त्याला नोकरीवरून काढलं नाही, फक्त पॅसेंजर काढून घेतली आणि खडी वाहणारी कामगाडी दिली. कामगाडीच्या कंडक्टरला कोट नसतो. अ‍ॅडलीनने तो चादरीत गुंडाळून दाराच्या मागे टांगून ठेवला, आणि बटणं घासायचं मात्र सोडलं नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "वसंतात परत देणार आहेत." कुठल्या वसंतात ते ती सांगत नसे.

तर अशा अवस्थेत ती मोटारींची शर्यत आमच्या गावात आली.

न्यूयॉर्कहून निघून पॅसिफिकच्या काठापर्यंत जायचं. वर्तमानपत्रांना भलताच हुरूप आला होता. आमच्याकडे मार्च महिना म्हणजे बर्फ वितळून रस्त्याचा नुसता राडा होतो. घोडा पोटापर्यंत रुततो, तिथे मोटारीची काय कथा. निघालेल्या मोटारींपैकी बऱ्याचशा वाटेतच गळपटल्या. दोन उरल्या होत्या. त्यातली पहिली आमच्या गावात पोचली ती दोन खेचरांच्या मागे बांधून. तिचा मालक व्हँडलिअर नावाचा पूर्वेकडचा तरुण होता. अंगात अस्वलाच्या कातड्याचा कोट, आणि चिखल भुवयांपर्यंत. बरोबर गस म्हणून मेकॅनिक. त्याने माझ्याकडे तीन माणसांचं जेवण एकट्याने खाल्लं, त्यामुळे मला तो लगेच आवडला.

"पुढचा रस्ता कसा आहे?" व्हँडलिअरने मला विचारलं.

"आहे कुठे रस्ता?" मी म्हटलं. "मे महिन्यात या, दाखवते."

"मेपर्यंत दुसरी मोटार माझ्या डोक्यावरून जाईल, बाई."

त्याचे वरपर्यंत हात असावेत. कारण दुसऱ्या दिवशी लाइनीचे सुपरिंटेंडंट साहेब स्वतः आले, माझ्याकडे वाळवलेल्या सफरचंदांचा केक खाल्ला, आणि जाहीर केलं की डोंगर ओलांडेपर्यंत या मोटारीला रेल्वेच्या लाइनीवरून जाऊ द्यायचं. एक चाक रुळांच्या मधे, दुसरं बाहेर, आणि स्लीपरांवरून, रुळाखालच्या लाकडी ओंडक्यांवरून, धक्के खात जायचं. पण लाइनीवर जे चालतं त्याला कंपनी गाडीच समजते. म्हणजे ही झाली जादा गाडी. तिला हुकूम पाहिजे, पुढे पांढरी निशाणं पाहिजेत, आणि कंडक्टर पाहिजे.

साहेबांनी व्हिटलॉकला माझ्या टेबलाशी बोलावलं. मी मुद्दामच तिथला कप उचलायला गेले.

"ईनस, बिटर गॅपच्या साइडिंगपर्यंत हिला नीट पोचव. मागून येणाऱ्या मेलला वाट मोकळी मिळाली पाहिजे. बाकी तू जाणतोसच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पॅसेंजरवरचा एकजण वसंतात निवृत्त होतोय. हे काम स्वच्छ झालं तर मला वर सांगायला तोंड राहील."

व्हिटलॉकने मान हलवली. तो निघून गेला तेव्हा त्याची कॉफी तशीच होती. कॉफी टाकून जाणारा माणूस तो नव्हे, एवढ्यावरून मी काय ते समजले.

सकाळी बघते तर तो निळा कोट घालून उभा. स्टेशनमास्तर म्हणाले, "अहो कॅप्टन, तुम्ही सध्या कामगाडीवर आहात ना?"

"गाडीत दोन प्रवासी आहेत," व्हिटलॉक म्हणाला. "म्हणजे पॅसेंजर झाली."

त्याने मोटारीच्या दिव्यांना पांढरी निशाणं बांधली, चाकांभोवती एक चक्कर मारली, हुकूम व्हँडलिअरला मोठ्याने वाचून दाखवला, आणि दोघं केव्हाचे बसलेले असताना फलाटाकडे तोंड करून ओरडला, "गाडीत बसून घ्या!" अख्खं गाव जमलं होतं. हसून हसून लोकांची पोटं दुखली. अ‍ॅडलीन तेवढी हसली नाही. ती बटणांकडे बघत होती.

पुढचं मला तिघांकडून कळलं, व्हिटलॉककडून, गसकडून आणि मेलचा ड्रायव्हर कॉन टिअर्नी याच्याकडून. तिघांच्या तीन तऱ्हा, पण जुळवलं की असं होतं.

स्लीपरांवरून जाताना मोटार इतकी हादरत होती की गसची जीभ चावली गेली. व्हँडलिअर वेग वाढवायचा, व्हिटलॉक त्याच्या खांद्यावर बोट टोचून कमी करायला लावायचा.

"दुसरी मोटार मागून येतेय हो!" व्हँडलिअर ओरडायचा.

"तिला हुकूम मिळेल तेव्हा येईल," व्हिटलॉक म्हणायचा. "आणि मेल बिनहुकमाचीच, वेळापत्रकाने येणार आहे, तिचं बघा."

अर्ध्या वाटेवर, उघड्या माळावर, रुळाच्या खिळ्याने टायर फाडला. मोटार थांबली. आणि आमच्या लाइनीवर वाटेत गाडी थांबली की एक गोष्ट ताबडतोब करायची असते. एका माणसाने लाल बावटा घेऊन मागे बरंच लांब चालत जायचं, रुळावर फटाके बांधायचे, म्हणजे येणाऱ्या इंजिनाखाली ते फुटून ड्रायव्हर सावध होतो, आणि तिथेच उभं राहायचं. कधीपर्यंत? आपल्या इंजिनाने परत बोलावीपर्यंत. पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीचं बोलावणं म्हणजे पाच लांब शिट्ट्या. त्या ऐकू आल्याशिवाय पाय हलवायचा नाही. कितीतरी माणसं अशी उभी राहून गोठून मेली आहेत, पण परत आली नाहीत.

खरं म्हणजे हे काम कंडक्टरचं नव्हे, त्याच्या हाताखालच्या माणसाचं. पण इथे हाताखाली कोण? गस टायरला लागलेला. व्हिटलॉकने बावटा घेतला आणि व्हँडलिअरला बजावलं, "झालं की भोंगा वाजवा. पाच, आणि लांब. मी आल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

"बरं, आजोबा," व्हँडलिअर म्हणाला.

वारा व्हिटलॉककडून मोटारीकडे वाहत होता. टायर बसल्यावर व्हँडलिअरने रबरी भोंगा दाबला. गस म्हणतो, पाच वेळा दाबला. व्हिटलॉक म्हणतो, ऐकूच आला नाही. दोघंही खरं बोलत असणार. कारण तो भोंगा मी ऐकलाय, बदक शिंकल्यासारखा वाजतो.

मग व्हँडलिअर रुळावर उभा राहिला आणि डोक्यावरची टोपी काढून जोरजोरात आडवी हलवू लागला. कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल की याचा अर्थ, ये बाबा. पण रेल्वेच्या माणसाला नाही कळणार. रुळावर उभं राहून काहीही जोरात आडवं हलवलं, मग तो बावटा असो, टोपी असो की टेबल पुसायचं फडकं असो, त्याचा एकच अर्थ आम्हाला ठाऊक आहे. थांब. व्हिटलॉक दोन पावलं पुढे आला होता, तो तिथल्या तिथे थांबला. त्याला वाटलं, टायर काही बसलेला नाही. त्याने बावटा वर करून समजल्याची खूण केली.

व्हँडलिअरने आणखी जोरात टोपी हलवली. व्हिटलॉक आणखी ताठ उभा राहिला.

"म्हातारा हट्टाला पेटलाय," व्हँडलिअर गसला म्हणाला. "चल, आपण जाऊ. साइडिंगला येईल चालत."

आणि ते गेले. कॅप्टनची गाडी कॅप्टनला टाकून निघून गेली. ती वळणाआड जाताना त्याने पाहिली.

मी त्याला नंतर विचारलं, "मग तुम्ही का नाही निघालात? गाडीच नव्हती राहिली. कुणासाठी उभे होतात त्या वाऱ्यात?"

"मला बोलावलं नव्हतं," तो म्हणाला.

आता यावर डोकं फोडून घ्यावं की काय करावं, सांगा. पण तो उभा राहिला, हे खरं. बऱ्याच वेळाने मेल आली. उशीर झालेला, तो भरून काढायला टिअर्नी भरधाव हाकत होता. फटाके फुटले, बावटा दिसला, आणि टिअर्नीने शिव्या घालत गाडी थांबवली. तोंडाचा फाटका माणूस तो, त्याच्या शिव्या मी इथे लिहीत नाही.

"कुठाय तुझी गाडी?" तो खिडकीतून ओरडला.

"पुढे गेली."

"पुढे गेली? मग तू इथे काय कोंबड्या राखतोयस?"

"तिच्यामागे बावटा पाहिजे, म्हणून आहे." व्हिटलॉक इंजिनात चढला. "हळू घे, कॉन. ती कुठे आहे मला माहीत नाही. चालत्या माणसाच्या वेगाने."

"मी आधीच उशिरा आहे!"

"मग आणखी थोडा हो."

टिअर्नी मला म्हणाला, "हल्डा, त्याला ढकलून द्यावंसं वाटलं बघ. पण तो कोट घालून होता ना. कोट घातलेल्या कॅप्टनचं ऐकायची सवय लागलेली असते."

वळण ओलांडलं, आणि तिथे ओढ्यावरच्या लाकडी पुलावर मोटार आडवी पडली होती. आस तुटलेला, एक चाक दोन स्लीपरांच्या मधे खाली गेलेलं. गस तिच्या पोटाखाली आणि व्हँडलिअर पुलाच्या कडेला. खाली खडक. मेल नेहमीच्या वेगाने आली असती तर मोटार आणि ते दोघंच नाही, इंजिनही खाली गेलं असतं, आणि मागचे डबेही. टिअर्नी म्हणतो, मी पूल बघितला आणि माझ्या तोंडातून एक शब्द आला नाही. त्याच्या बाबतीत हे केवढं मोठं, ते त्याला ओळखणाऱ्यालाच कळेल.

शर्यतीचं सांगून टाकते. प्रवाशांनी मिळून मोटार उचलून बाजूला ठेवली, दुसरा आस यायला बरेच दिवस लागले, आणि तोवर दुसरी मोटार पुढे निघून गेली. पण व्हँडलिअर चतुर. त्याने वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं की धोका ओळखून मीच कंडक्टरला मागे ठेवलं होतं. ते छापूनही आलं, त्याच्या फोटोसकट.

मग झाली चौकशी. माझ्या खाणावळीच्या मागच्या खोलीत. भिंत फळ्यांची, आणि पलीकडे मी कपाट पुसत होते. कपाट फार मळलं होतं.

साहेबांच्या आवाजात गोडवा होता. "ईनस, हे वर्तमानपत्रातलं बरोबर आहे ना? गाडी पुढे गेली ती तुझ्या परवानगीने. तू मागे राहून संरक्षण दिलंस. असंच ना?"

कागद उलटल्याचा आवाज आला, मग पुन्हा साहेबच.

"कंडक्टरला टाकून गाडी गेली असेल तर तो फार मोठा ठपका आहे. पण तसं झालेलं नाही. हो ना? एवढं 'हो' म्हण, मी लिहून घेतो. पॅसेंजरची जागा अजून रिकामी आहे."

मी मनात म्हटलं, म्हण रे बाबा, हो म्हण. घरी ती बटणं घासून घासून पातळ झाली आहेत. कुणाचं काय वाईट होणार आहे?

"नाही साहेब," व्हिटलॉक म्हणाला. "कंडक्टर नसलेली गाडी लाइनीवर सोडली, असं मी म्हणू शकत नाही. मी ती सोडली नाही. ती गेली. मी टोपीचा अर्थ थांब असा घेतला. मला बोलावलं गेलं नाही."

"तू मेल वाचवलीस, माणसा! तुला कळतंय का मी काय विचारतोय?"

"कळतंय, साहेब."

मेल वाचवल्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली, आणि गाडी हातातून जाऊ दिल्याबद्दल कामगाडी कायम झाली. पॅसेंजर दुसऱ्याला गेली. मला त्याचा भयंकर राग आला. त्या आठवड्यात त्याची कॉफी मी मुद्दाम गार दिली. अ‍ॅडलीनला मात्र राग आला नाही. ती एवढंच म्हणाली, "हो म्हणाला असता तर मी त्याला ओळखलं नसतं." पण बटणं घासायचं तिने सोडलं, हेही मी पाहिलं.

गावाला एक थट्टा मिळाली. तो आत आला की कुणीतरी बशीवरून डोकं वर काढून विचारायचं, "काय कॅप्टन, बोलावलं का?"

तो काटा सरकवता सरकवता म्हणायचा, "अजून नाही."

वर्षानुवर्षं हेच. विचारणारे बदलले, उत्तर तेच. नव्या पोरांना तर ही काय भानगड आहे तेही माहीत नसायचं, पण विचारायचे. आणि मोटारी एवढ्या झाल्या की आता माझ्या दारात त्या उभ्या असतात आणि कुणी वळून बघत नाही.

मग त्याचा शेवटचा दिवस आला. त्याने कंदील आणि बावटा स्टेशनात जमा केला आणि माझ्याकडे येऊन बसला. मी त्याच्यापुढे सफरचंदांचा केक ठेवला, न मागता. कोपऱ्यातल्या एका फायरमनला, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या पोराला, राहवलं नाही. "कॅप्टन, आज तरी बोलावलं का?"

"अजून नाही," तो म्हणाला आणि काटा केकात घातला.

इतक्यात मेल गेली. ती आमच्याकडे थांबत नाही. भांडी खडखडली, खिडकी हादरली, आणि गाडी पश्चिमेला निघून गेली. टिअर्नीच चालवत होता, त्याचेही थोडेच दिवस उरले होते. मग गावाबाहेरून, डोंगराच्या बाजूने, शिट्टी आली. लांब. थोडं थांबून दुसरी. तिसरी आली तेव्हा इंजिनवाल्यांची बोलणी थांबली. चौथीला फायरमनने टोपी काढली. पाचवी टिअर्नीने इतकी ओढली की मला वाटलं, वाफ संपेल आता.

व्हिटलॉक उठला. टोपी शोधायला लागला, ती त्याच्या डोक्यावरच होती.

"शिट्टीचा गैरवापर आहे हा," तो म्हणाला. "कॉनला ताकीद मिळेल." त्याचे डोळे गळत होते आणि त्याने ते पुसलेही नाहीत. माझेही गळत होते. त्या हट्टी, तऱ्हेवाईक माणसावर माझं किती प्रेम होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

दारात तो वळला. "येतो, हल्डा," तो म्हणाला.

मग रस्ता ओलांडून तो घरी गेला. टिअर्नीला खरोखरच ताकीद मिळाली. आणि माझं घड्याळ हल्ली मागे पडतं.